रुग्णसहायक (जीडीए) प्रशिक्षण: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचा निकाल लागला की मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या गावांतून एकच चौकशी सुरू होते: "दवाखान्याचा काही कोर्स आहे का, लवकर होणारा?" आहे. पण तो काय आहे आणि काय नाही, हे पैसे भरायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणून ही उत्तरं.

हा कोर्स केला की नर्स होता येतं ना?

नाही. नर्स व्हायला एएनएम (२ वर्षं), जीएनएम (३ वर्षं) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षं) करावं लागतं आणि मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. रुग्णसहायकाचं शिक्षण काही महिन्यांचं असतं. कागदोपत्री त्याचं नाव जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. वॉर्डात त्यालाच कोणी अटेंडंट म्हणतं, कोणी मावशी, कोणी ब्रदर.

रुग्णाला अंघोळ घालणं, तोंड धुऊन देणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं, एक्स-रेला नेणं, नाडी-ताप-बीपी मोजून लिहिणं ही जीडीएची कामं. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, लघवीची किंवा नाकातली नळी घालणं, औषधाचा डोस कमी-जास्त करणं ही नाहीत. लहान दवाखान्यात "तू पाहून पाहून शिकलीच आहेस, लाव सलाईन" असं म्हणणारे भेटतात. तिथे नाही म्हणायचं. काही बिघडलं तर तुमच्याकडे दाखवायला नोंदणी नसते, आणि रुग्णाचा जीव तर गेलेला असतो.

शिक्षण किती लागतं? मुलांना घेतात का?

साधारण दहावी पास लागते. काही तुकड्यांना बारावी मागतात, कारण अभ्यासक्रमाच्या आवृत्तीनुसार अट बदलते. फॉर्म भरण्याआधी केंद्रावर तेवढं विचारून घ्या. कला शाखा चालते, गणित-विज्ञानाची अट नाही. मुलांना घेतात आणि त्यांची गरजही मोठी आहे. पुरुष वॉर्डातली अंघोळ, जड रुग्ण उचलणं, ऑपरेशनआधीची तयारी यासाठी ब्रदर शोधावे लागतात.

फुकट कुठे शिकायला मिळतं?

पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत (२०१५ पासून) आणि दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत (२०१४ पासून) विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत. दुसरी योजना खास ग्रामीण मुलामुलींसाठी आहे. तिच्यासाठी वय १५ ते ३५ लागतं, पण महिला, दिव्यांग आणि कोलाम, माडिया गोंड यांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांना ४५ पर्यंत सवलत आहे. निवासी तुकडीत राहणं-जेवणही योजनेतूनच होतं. चौकशी पंचायत समितीतल्या 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कक्षात करा; बचत गटात आई असेल तर तिच्याकडेच तो नंबर सापडतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये गावोगावी प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू केली, तुमच्या जवळच्या केंद्रात आरोग्याचा कोर्स आहे का तेही पाहा.

सरकारी योजनेत हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रावर लागते. सोयाबीन काढायला आठ दिवस आणि कापूस वेचायला पंधरा दिवस घरी गेलं की हजेरी बुडते आणि परीक्षेला बसता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होणारी तुकडी घेताना घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा. आमच्या भागात कोर्स अर्धवट सुटण्याचं मोठं कारण अभ्यास नाही, हंगाम आहे.

चौकातल्या बोर्डावर '६ महिन्यांत नर्स व्हा' लिहिलंय. प्रवेश घ्यावा का?

नाही. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही, म्हणजे तो बोर्ड पहिल्याच ओळीत खोटं बोलतो. बाकी कोणत्याही संस्थेत पाय ठेवला की पुढचं विचारा:

- सर्टिफिकेट कोण देणार? हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल किंवा राज्याचं कौशल्य मंडळ असेल तर ठीक. फक्त संस्थेच्या नावाचं, सोनेरी शिक्क्याचं कागद असेल तर मोठं हॉस्पिटल ते बाजूला ठेवतं.
- प्रात्यक्षिक कोणत्या हॉस्पिटलात, किती खाटांच्या, किती दिवस? उत्तर 'पाहू पुढे' असं आलं तर उठून या.
- वर्गात खाट, पुतळा, व्हीलचेअर, बीपीचं यंत्र, बेडपॅन आहे का? डोळ्यांनी पाहा. फक्त खुर्च्या आणि फळा असेल तर तिथे हात तयार होणार नाही.
- फीची पावती मिळते का?

दहावीची मूळ गुणपत्रिका किंवा टीसी संस्थेत ठेवायला देऊ नका, फक्त दाखवा आणि झेरॉक्स द्या. मूळ कागद अडकले की मुलगी वाईट संस्थाही सोडू शकत नाही.

अमेरिकेतलं 'सीएनए' (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट) आणि आपलं जीडीए एकच का?

काम बरंचसं सारखं, परवाना वेगळा. अमेरिकेत १९८७ च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधल्या सहायकाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, त्यात किमान १६ तास देखरेखीखालचं प्रात्यक्षिक. मग लेखी आणि कौशल्याची परीक्षा, आणि त्या त्या राज्याच्या यादीत नाव. अनेक राज्यं ७५ पेक्षा जास्त तास मागतात. जीडीएच्या सर्टिफिकेटावर तिथे थेट काम मिळत नाही. 'हा कोर्स केला की थेट परदेशात' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या एजंटाला हेच सांगा.

घाण काढावी लागते म्हणून घरचे नको म्हणतात. काय सांगावं?

घाण काढावी लागते, हे लपवू नका. पण दुसऱ्याची शी पुसताना जो डोळा उघडा ठेवतो, त्यालाच ती डांबरासारखी काळी झालेली दिसते, आणि पोटात रक्तस्राव सुरू आहे हे डॉक्टरांना वेळेत कळतं. लघवीची पिशवी रिकामी करतो त्यालाच कळतं की सकाळपासून ती भरलेलीच नाही. डॉक्टर दिवसातून दोनदा खाटेशी येतात, नर्सकडे तीस-चाळीस खाटा असतात. रुग्णाच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळ हात लावणारा माणूस जीडीए असतो. पाहणं आणि वेळेत सांगणं हे शिकायचं असतं; बादली उचलायला कोर्स लागत नाही.

किळस पहिले आठ-दहा दिवस वाटते. मास्क लावा, आडोसा करा, कोमट पाणी आणि सगळं सामान आधी जवळ घ्या. अर्ध्यातून उठून कपडा शोधायला जावं लागलं की काम लांबतं आणि किळस वाढते.

बीपी मोजणं सोपं आहे, त्यात शिकायचं काय?

वॉर्डात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट तीच आहे. चूक कुठे होते ते क्रमाने पाहा.

रुग्ण चालत आला की ५ मिनिटं टेकून बसू द्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. चहा, बिडी किंवा खर्रा होऊन अर्धा तास झाला का विचारा. आपल्याकडे खर्रा गालात धरूनच माणूस हात पुढे करतो, आणि तंबाखूने बीपी वर गेलेलं असतं. त्याला आधी चूळ भरू द्या आणि थांबा.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवली तर ती गुंडाळीच दंड आवळते. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर. पट्ट्याखाली दोन बोटं शिरतील इतपत घट्ट. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वर येतो. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर खोटा खाली. हात टेबलावर किंवा उशीवर, हृदयाच्या पातळीला. लोंबत्या हातात आकडा वाढतो. डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी जोडणारं ऑपरेशन) केलेल्या हातावर पट्टा बांधायचाच नाही.

हवा हळू सोडा, सेकंदाला २ ते ३ मिमी. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. १३८ आला तर १३८ लिहा. 'जवळपास १४०' लिहिणाऱ्याचा तक्ता चार दिवसांनी पाहिला की सगळे आकडे शून्यावर संपलेले दिसतात, आणि तो तक्ता डॉक्टरांच्या कामाचा राहत नाही.

नर्सला धावत जाऊन कधी सांगायचं?

मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, ताप ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९५ किंवा वर. यापलीकडे काही दिसलं तर वेळ न घालवता सांगा. पण आकड्याआधी माणूस पाहा. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात गार असेल तर ऑक्सिजनचं यंत्र खोटं बोलतं, बोट बदलून पाहा. उलट आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

श्वास मोजतोय हे रुग्णाला कळलं की तो श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीवर न्यायची. पूर्ण एक मिनिट.

मधुमेही माणूस एकाएकी घामाघूम, थरथरता किंवा बरळायला लागला तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, नर्सला हाक, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही.

रुग्णाची बोली आणि पुस्तकाची भाषा वेगळी पडते. काय करायचं?

ही तुमची ताकद आहे, कमीपणा नाही. आजी म्हणते, "मयमय होऊन राह्यली," तेव्हा ती मळमळ सांगते. "जीव घाबरून राह्यला" म्हटलं की ती भीती समजून धीर देत बसू नका. नाडी, श्वास, बीपी पाहा आणि छातीत दुखतं का विचारा. "घेरी येऊन राह्यली" म्हणणाऱ्याला एकदम उभं करू नका. नोंद करताना रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि शेजारी आकडा लिहा. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी बोलणारे रुग्ण येतात. दुखतं का, पाणी हवं का, लघवी झाली का, श्वास लागतो का, एवढे चार प्रश्न त्या भाषेत पाठ असलेल्या मुलीला वॉर्ड सोडत नाही.

हाक मारताना आजी, बाबाजी, काकाजी, माय, ताई. खाट नंबराने हाक मारू नका.

पडून असलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होतात. त्या टळतात का?

बहुतेक टळतात. अंगाचा दाब एकाच जागी राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून मरते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू या जागा रोज उजेडात पाहायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. पांढरा पडलाच नाही तर जखमेची सुरुवात झालेली आहे, नर्सला दाखवा आणि त्या बाजूला पुन्हा झोपवू नका. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहा: आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा लिबलिबीत लागतं.

दर २ तासांनी कूस बदला. दोघांनी करा. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी चादर रुग्णाखाली घालून ठेवलेली असते. दोन्ही बाजूंनी ती अंगाजवळ गुंडाळून पकडा, कंबर न वाकवता गुडघे वाकवा, 'एक, दोन, तीन' म्हणून एकाच वेळी उचलून सरकवा. ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी चादरीला घासून सोलते. मग ज्या कुशीला वळवायचं तिकडचा हात छातीखाली येणार नाही असा बाजूला घ्या, पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकं कलतं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे टाच अधांतरी राहते.

लाल जागेला तेल किंवा स्पिरिट चोळू नका, आतली नाजूक कातडी फाटते. फुगवलेली रबरी रिंगही नको: मधली जागा मोकळी राहते, पण कडेचा दाब तिथलंच रक्त अडवतो. हवेची गादी असली तरी दोन तासांचं घड्याळ चालू ठेवा. वीज गेली की ती गादी बसते, आणि मे महिन्यात वीज जाणार आहेच.

विदर्भात काम करायचं तर आणखी काय माहीत हवं?

*फवारणीची विषबाधा.* २०१७ च्या कापूस हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हापासून हे प्रत्येक सहायकाला यायलाच हवं. विष कपड्यात आणि केसांत असतं, आणि ते तुमच्याही अंगात जातं. आधी हातमोजे, साध्या लेटेक्सपेक्षा नायट्राइलचे बरे. कपडे कापून काढा, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा. चामडी पट्टा, चप्पल विष पिऊन बसतात, त्या घरच्यांना परत वापरायला देऊ नका. साबण आणि भरपूर पाण्याने केस, कानामागे, काखा, नखं धुवा. रुग्ण डाव्या कुशीवर, म्हणजे उलटी श्वासनळीत जात नाही. खिडक्या उघड्या. पुढे उपचार सुरू झाल्यावर, पहिल्या एक ते चार दिवसांत, रोज दोन-तीनदा रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. काल उचलत होता आणि आज उचलता येत नाही, तर मान लुळी पडतेय आणि पाठोपाठ श्वास बंद पडू शकतो. हे सगळ्यांत आधी दिसतं ते उशी सारखी करणाऱ्याला. तिथल्या तिथे हाक मारा.

*सिकलसेल.* हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट या पट्ट्यात हे रुग्ण खूप. हाडं दुखायला लागली की पांघरूण द्या, पाणी पाजत राहा. बर्फाने शेकू नका, गारव्याने त्रास वाढतो. दुखणं दिसत नाही म्हणून 'नाटक करतो' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ते दुखणं फार मोठं असतं. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर ताबडतोब सांगा.

*सर्पदंश.* रुग्ण पायाला करकचून दोरी बांधून येतो. ती स्वतः कापू नका, डॉक्टर शेजारी उभे राहिल्यावरच सुटली पाहिजे. तुम्ही पाय हलू देऊ नका आणि सूज चढायच्या आत जोडवी, बांगड्या, अंगठी काढून नातेवाइकाच्या हाती द्या.

*ऊन.* पारा ४५ वर गेला की पडून असलेला माणूस न बोलता सुकतो. लघवी गडद झाली, तासाला ३० मिलीपेक्षा कमी झाली, तर सांगा. ओआरएस स्वतःच्या मनाने पाजू नका, हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णाचं पाणी मोजून असतं. वॉर्डातला पेला, कप, वाटी किती मिलीची ते पहिल्याच दिवशी मोजून वहीत लिहा, म्हणजे पाणी-लघवीचा तक्ता अंदाजाने भरावा लागत नाही.

दवाखान्यातल्या रंगीत बादल्या पाठ कशा करायच्या?

२०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार: पिवळीत रक्ता-पुवाचा कापूस, पट्ट्या, शरीराचे भाग. लालमध्ये प्लास्टिक, म्हणजे सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काच. सुईला टोपण परत लावू नका, ते लावतानाच सुई टोचू शकते.

टोचलीच तर: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, लगेच सिस्टरला सांगा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. रागावतील म्हणून गप्प राहणं हीच यातली जिवावरची चूक आहे.

राहायचं कुठे? ड्यूटी कशी असते?

बहुतेक ठिकाणी सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या. दुपारची पाळी रात्री आठ-नऊला सुटते आणि तोवर गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), पण गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग नाही. म्हणून नोकरी पक्की करताना पगाराच्या आधी होस्टेलचं विचारा.

पगाराच्या बाबतीत काय तपासायचं?

आकडा गावागावाला वेगळा, त्यामुळे आकड्यापेक्षा कागद पाहा. नेमणूक हॉस्पिटलची की ठेकेदाराची? पीएफ कापतात तर यूएएन नंबर (तुमच्या पीएफचा कायमचा नंबर) मागा आणि मोबाइलवर जमा होतंय का पाहा. तुमच्याकडून १२ टक्के कापतात तर मालकानेही तेवढेच भरायचे असतात. २१,००० पर्यंत पगार असेल आणि आस्थापनेला ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू असेल तर तुमचे ०.७५ टक्के जातात आणि घरच्यांनाही उपचार मिळतो. ते कार्ड मागून घ्या.

ब्युरोमार्फत (घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत) नागपूर-पुण्यात घरी रुग्ण सांभाळायचं काम घेत असाल तर १२ तास की २४ तास, झोप कुठे आणि किती वेळ, ब्युरोचं कमिशन किती, हे लिहून घ्या. स्वयंपाक-भांडी तुमचं काम नाही. रुग्णाचं एटीएम कार्ड आणि दागिने हातात घेऊ नका, 'ठेव ना तुझ्याकडे' असं प्रेमाने म्हटलं तरीही.

पुढे एएनएम करता येईल का?

बारावी असेल आणि वय १७ ते ३५ मध्ये असेल तर मुलींना एएनएमला जाता येतं. मुलांसाठी जीएनएमचा रस्ता आहे. जीडीएचे महिने त्या दोन-तीन वर्षांतून वजा होत नाहीत, पण खाट लावता येणारी, बीपी नीट घेणारी मुलगी तिथे पहिल्या दिवशी बावरत नाही. दहावीवरच थांबला असाल तर नोकरी करता करता बारावी पूर्ण करून ठेवा.

पहिल्या ड्यूटीला जाताना काय करून जायचं?

हिपॅटायटिस बी ची लस आधी सुरू करा: पहिला डोस, १ महिन्याने दुसरा, ६ महिन्यांनी तिसरा. कोर्स सुरू होताच पहिला घेतला तर वॉर्डात जाईपर्यंत दोन झालेले असतात. नखं कापा. बांगड्या, अंगठी, मनगटाचे धागे घरी ठेवा. त्यांच्याखाली साबण पोचत नाही. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, अंगठा आणि नखांच्या कडा राहून जातात. खिशात सेकंद काट्याचं घड्याळ, लहान वही, दोन पेनं. बंद बूट, चप्पल नाही. आणि ड्यूटी घेताना आधीच्या पाळीच्या माणसाबरोबर खाटेपर्यंत चालत जा, चादर उचलून पाठ स्वतः पाहा, लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचा आणि वेळेसह लिहा.